अमेरिकन हिस्टरी एक्स : टेबलावरचा बाप (स्पॉयलर आहेत, न बघितलेल्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचणे)

उंबरठा
काल रात्री तिसऱ्यांदा बघितला. पहिल्यांदा बघितला तेव्हा होस्टेलला होतो, रूम पार्टनरचा असेंबल्ड पीसी, कुठूनतरी आणलेली सीडी, एकाच स्पीकरमधून येणारा आवाज आणि एका कॉटवर सहा जण. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी राहिल्या, एडवर्ड नॉर्टनची बॉडी आणि तो फुटपाथचा सीन. पुढे पंधरा दिवस मेसमध्ये तोच विषय. एकानं तर टक्कल पण केलं. त्याच्या छातीवर गोंदलेल्या नाझी स्वस्तिकाचं मात्र कुणाला काही वाटलं नाही कारण ते आपल्याकडे दारावर, तिजोरीवर, वहीच्या पहिल्या पानावर सगळीकडे असतं, त्यामुळे ते बघून पोटात गोळा यायला पाहिजे हे आम्हाला कळायलाच काही वर्षं गेली.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९८ चा पिक्चर, दिग्दर्शक टोनी के, लेखक डेव्हिड मॅकेना. लॉस एंजेलिसचा व्हेनिस बीच भाग. डेरेक व्हिनयार्ड (नॉर्टन) हुशार पोरगा, वडील फायरमन, काळ्यांच्या वस्तीत आग विझवायला गेलेले असताना गोळी लागून मरतात आणि डेरेक निओनाझी (आजच्या काळातला हिटलरभक्त, गोऱ्यांना श्रेष्ठ मानणारा) होतो. मागे कॅमरन अलेक्झांडर नावाचा एक म्हातारा, जो स्वतः कधी हात घाण करत नाही, पोरांना पुढे करतो. (असे म्हातारे सगळ्या गावात असतात, फक्त झेंडे वेगळे.) एका रात्री गाडी चोरायला आलेल्या काळ्या पोरांपैकी दोघांना डेरेक मारतो, त्यातल्या एकाला फुटपाथच्या कडेवर दात टेकवायला लावून, तोच तो सीन, मी तिसऱ्यांदा पण मान फिरवली. तीन वर्षं चिनोच्या जेलात. सुटून येतो तेव्हा तो बदललेला असतो, पण तोवर धाकटा भाऊ डॅनी (एडवर्ड फर्लाँग) त्याची कार्बन कॉपी झालेला. डॅनीनं शाळेत हिटलरच्या आत्मचरित्रावर निबंध लिहिलेला असतो, तर प्रिन्सिपल स्वीनी म्हणतात की आता तुझ्या भावावर लिही आणि उद्या सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे. वर्तमानकाळ सगळा मिळून जेमतेम एका दिवसाचा आणि रंगीत, मागचं सगळं ब्लॅक अँड व्हाइट.

आता ज्याच्यासाठी धागा काढला ते. पिक्चरभर आपण समजत असतो की बाप मेला म्हणून पोरगं बिघडलं. सोपं गणित, बदल्याची गोष्ट, आपले हिंदी पिक्चर निम्मे ह्याच्यावरच चालतात. आणि मग अगदी शेवटाकडे, डॅनी रात्री निबंध पुरा करत बसलेला असताना, एक जुना सीन येतो. बाप जिवंत आहे, सगळं घर टेबलाभोवती बसून खातंय, डेरेक डोक्यावर केस असलेला साधा शाळकरी पोरगा. तो स्वीनी सरांबद्दल भरभरून बोलतोय, सरांनी वर्गात रिचर्ड राइटचं 'नेटिव्ह सन' लावलंय वगैरे. बाप ऐकून घेतो. ओरडत नाही, दारू प्यायलेला नाही, हात उगारत नाही. प्रेमळ बाप आहे हो! शांतपणे म्हणतो की ही काळ्यांची पुस्तकं घुसवायला चांगली पुस्तकं का काढतात, मग म्हणतो आमच्या स्टेशनात दोन काळे भरती झाले, त्यांच्यापेक्षा परीक्षेत जास्त मार्क असलेले गोरे बाहेर राहिले, उद्या आगीत माझ्या पाठीमागे कोण असणार? डेरेक आधी थोडी कुरकुर करतो, मग विचार करतो, मग मान डोलावतो.

दोन-तीन मिनिटांचा सीन असेल. रक्ताचा एक थेंब नाही. आणि माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात हिंसक सीन हाच आहे.

गंमत म्हणजे टेबलाचा दुसरा एक सीन आधी येऊन गेलेला असतो. बाप गेल्यावर आई तिच्या मित्राला, मरी नावाच्या ज्यू शिक्षकाला, घरी जेवायला बोलावते, विषय निघतो रॉडनी किंगचा (पोलिसांनी बेदम मारलेला काळा माणूस) आणि त्यावरून झालेल्या दंगलींचा. तिथे डेरेक जे बोलतो ते बापाचंच आहे पण आवाज वाढलेला, आकडे जोडलेले, आणि शेवटी सख्ख्या बहिणीचे केस धरून तिच्या तोंडात मांस कोंबण्यापर्यंत जातो. क्रम उलटा लावलाय, झाड आधी दाखवलंय आणि बी नंतर. पहिल्या दोन वेळेला मला हे दिसलंच नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं?

रिळबहाद्दर
भारी लिहिलंय. थोडी पडद्यामागची भर घालतो कारण ती पण कमी ड्रामा नाही. टोनी के जाहिरातींच्या जगातून आलेला, ही त्याची पहिलीच फीचर फिल्म, कॅमेरा पण त्यानेच केलाय. एडिटिंगवरून स्टुडिओशी (न्यू लाइन) जोरदार वाजलं. नॉर्टन स्वतः एडिटिंगला बसला आणि के चा तोल सुटला. त्याने सिनेधंद्याच्या पेपरात पदरचे पैसे घालून जाहिराती दिल्या, स्टुडिओच्या मीटिंगला एक पाद्री, एक रबाय आणि एक तिबेटी भिक्षू घेऊन गेला, शेवटी म्हणाला माझं नाव काढा आणि दिग्दर्शक म्हणून 'हम्प्टी डम्प्टी' लावा. डायरेक्टर्स गिल्डनं (दिग्दर्शकांची संघटना) नाही म्हटलं तर २० कोटी डॉलरचा दावा ठोकला. पडद्यावर आज पण नाव त्याचंच आहे.

नॉर्टनला ऑस्कर नॉमिनेशन होतं, मिळालं रोबेर्तो बेनिन्यीला. तो पण नाझींच्या काळावरचाच पिक्चर, योगायोग बघा.

फोडणीचाभात
>> मीटिंगला एक पाद्री, एक रबाय आणि एक तिबेटी भिक्षू
आमच्या सोसायटीच्या एजीएमला हा प्रयोग करून बघायला हवा.

भातुकली
उंबरठा, सीनबद्दल सहमत, पण तुम्ही आईला एका वाक्यात उरकलंत, ती बाई मला जास्त छळते. बेव्हर्ली डी'अँजेलोने काय काम केलंय. सतत सिगरेट, सतत खोकला, घर सुटून लहान जागेत आलेत, एक पोरगा जेलात, दुसरा डोकं तासून फिरतोय आणि ती सोफ्यावर. टेबलावर बाप ते सगळं बोलत असताना ती पण तिथेच असते ना? वाढत असते. काही बोलत नाही. माझ्या मैत्रिणीशी ह्यावरून वाद झाला, ती म्हणे आई बिचारी काय करणार, मी म्हटलं नवऱ्याला "पोरांसमोर नको" एवढं तरी म्हणता येतं की. नंतर विचार केला की मी स्वतः तरी किती वेळा म्हटलंय. सासरे बोलत असले की मी पोळ्या लाटत राहते.

आणि डॅव्हिना, ती बहीण. घरात एकटी तीच डेरेकला तोंडावर बोलते. तिच्यावर निबंध लिहायला कुणी सांगत नाही.

निळीपहाट
चांगला धागा. पण थोडं कडू लिहिणार आहे.

पिक्चर कुणाच्या सुधारण्याचा आहे? डेरेकच्या. आणि त्याला सुधारायला कोण राबतंय? दोन काळी माणसं. स्वीनी सर जेलात जाऊन भेटणार, पॅरोलसाठी शब्द टाकणार, धाकट्याला पण सांभाळणार. लामाँट हा कैदी जेलच्या लाँड्रीत त्याच्याबरोबर चादरी घड्या करणार, विनोद करून हसवणार, आणि गोऱ्यांच्याच टोळीने बाथरूममध्ये डेरेकची वाट लावल्यावर बाकीच्या काळ्या कैद्यांपासून त्याला गुपचूप वाचवणार. आणि ह्याच्या बदल्यात लामाँटबद्दल आपल्याला काय माहीत आहे? एकच गोष्ट, आणि ती मात्र लेखकाने जबरदस्त टाकलीय. त्याने दुकानातून टीव्ही चोरला, पोलिसाने हात पकडला तेव्हा टीव्ही पोलिसाच्या पायावर पडला, पोलिसाने कोर्टात सांगितलं अंगावर फेकला. सहा वर्षं. डेरेकने दोन माणसं मारली, त्याला तीन. त्या जागी डेरेकच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याच्यासाठी नॉर्टनला शंभर टक्के मार्क. पण डेरेक सुटतो आणि लामाँट चादरी घड्या करत तिथेच राहतो, त्याचं पुढे काय झालं हे पिक्चरला नको आहे.

आणि शेवटी शाळेच्या बाथरूममध्ये डॅनीला गोळी घालणारं ते पोरगं. त्याला घर नाही, आई नाही, टेबल नाही. त्याच्या टेबलावर काय बोललं जात असेल? ते बघायला मला जास्त आवडलं असतं.

डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस ह्या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतले काळे लोक युनोकडे देत असलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिचं नाव कुठून आलं ते इथल्या सगळ्यांना माहीत असावं. म्हणजे आमच्याकडे हे पिक्चर बघताना आम्ही डेरेकच्या खुर्चीत बसून बघत नाही, आपोआपच लामाँटच्या स्टुलावर बसतो.

उंबरठा, एक विचारू का? तुम्ही तो परीक्षेच्या मार्कांचा डायलॉग एवढा नीट लिहिलात. कुठेतरी आधी ऐकल्यासारखा वाटला नाही का तुम्हाला?

खडूस_आजोबा
झालं. अमेरिकेच्या पिक्चरवरून गाडी आरक्षणावर येणार हे मला दुसऱ्या प्रतिसादातच कळलं होतं. वर्णद्वेष वेगळा, आरक्षणाच्या धोरणावरची टीका वेगळी. दोन्ही एका पारड्यात घालू नका. मी सरकारी नोकरीत ३४ वर्षं काढली आहेत, मला शिकवू नका.

निळीपहाट
आजोबा, धोरणावर टीका करायला कोण नको म्हणतंय? पिक्चरमधला बाप पण धोरणावरच बोलतोय की. सुरुवात तिथूनच असते आणि मग वाक्याच्या शेवटी हळूच 'हे लोक' येतं.

रिळबहाद्दर
थोडा संदर्भ, कारण त्या काळातलं कॅलिफोर्निया माहीत नसेल तर टेबलावरची बडबड हवेतली वाटते. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंगला पोलिसांनी बेदम मारहाण केली, समोरच्या घरातल्या माणसाने व्हिडिओ काढला म्हणून जगाला कळलं. एप्रिल १९९२ मध्ये ज्युरीने त्या पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलं आणि लॉस एंजेलिस पेटलं, साठच्या वर माणसं गेली, कोरियन लोकांची दुकानंच्या दुकानं जळाली. १९९४ ला तिथल्या मतदारांनी प्रपोझिशन १८७ पास केलं, म्हणजे बेकायदा आलेल्यांना सरकारी शाळा, दवाखाने बंद (नंतर कोर्टाने अडवलं). १९९६ ला प्रपोझिशन २०९, सरकारी नोकऱ्या आणि युनिव्हर्सिटीत वंशाच्या आधारावर प्राधान्य बंद. म्हणजे कोरियन मालकाच्या दुकानाबाहेर पोरं जमवून डेरेक जे भाषण ठोकतो त्यातलं निम्मं तेव्हा सभ्य लोक टाय लावून टीव्हीवर बोलत होते. डेरेक फक्त भाषणानंतर मास्क लावून दुकान फोडायला आत शिरतो, एवढाच फरक.

न्यूजर्सीकाकू
मराठीत टाइप करायला वेळ लागतो म्हणून उशीर, सांभाळून घ्या.

मी इथे १९८९ मध्ये आले. त्याच्या दोन वर्षं आधी जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाची टोळी होती. डॉट म्हणजे आपली टिकली. त्यांनी पेपरला पत्र पाठवलं होतं की आम्ही ह्या हिंदूंना इथून हाकलणार. १९८७ मध्ये होबोकनला नवरोज मोदी नावाच्या तरुणाला पोरांनी मारून मारून टाकला, तो तर पारशी होता बिचारा, कसली टिकली नि काय. माझी नणंद तेव्हा तिकडेच राहायची, ती सांगते की बस स्टॉपवर जाताना टिकली काढून पर्समध्ये ठेवायची आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये परत लावायची. त्यामुळे हा पिक्चर बघताना मला ती टकली पोरं 'त्यांच्यातलं भांडण' कधीच वाटलं नाही.

पण खरं सांगू? त्याच नणंदेकडे त्याच वर्षांमध्ये घर घ्यायची बोलणी चालली की पहिला प्रश्न काय, त्या भागात काळे किती आहेत. शाळा चांगली आहे का ह्याचा अर्थ पण तोच. आमच्या मंडळाच्या गणपतीत मोदक वळता वळता बायका जे बोलतात ना त्यांच्याबद्दल, ते मी इथे टाइप करणार नाही. टिकली काढायला लागलेल्या बायका!

अजून एक. २०१२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनला ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका गोऱ्या वंशवाद्याने गोळीबार केला, गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका त्यात गेले. त्यांच्या मुलाने, परदीपने, काय केलं असेल तर आर्नो मायकेलिस नावाच्या माणसाला स्वतःहून गाठलं, जो तरुणपणी तिथल्याच मिलवॉकीत स्किनहेड (टक्कल केलेल्या गोऱ्या वंशवाद्यांची) टोळी उभी करणाऱ्यांतला आणि नंतर त्यातून बाहेर पडलेला. विचारलं, का करतात हे लोक असं? दोघं मित्र झाले, मिळून शाळांमध्ये जाऊन बोलतात, २०१८ मध्ये एकत्र पुस्तक पण लिहिलं. डेरेकचं पुढे काय झालं असतं हे विचारणाऱ्यांसाठी सांगितलं. पण ह्यात पण आधी दार ठोठावायला जावं लागलं ते ज्याचे वडील गेले त्यालाच, हे निळीपहाटचं वाचून आत्ता लक्षात आलं.

फोडणीचाभात
काकू, शिस्तीत लिहिलंत की. उशीर बिशीर काही नाही.
मी इतका वेळ पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आता खाली ठेवले. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन आफ्रिकन पोरं भाड्याने फ्लॅट बघायला आली होती, शिकायला आलेली. सेक्रेटरींना अचानक बॅचलर्स नकोचा नियम आठवला. त्याच मजल्यावर चार आयटीवाले बॅचलर राहतात, त्यातला एक मी. मी तेव्हा लिफ्टची वाट बघत उभा होतो, सगळं ऐकत होतो आणि लिफ्ट आली तसा निघून गेलो.

संपादक
चर्चा चांगली चालली आहे. पिक्चरशी धागा जोडून ठेवा, जातिवाचक काही आलं तर प्रतिसाद उडवला जाईल.

उंबरठा
दोन दिवस इकडे फिरकलो नाही, खरं तर वाचत होतो पण लॉगिन केलं नाही. निळीपहाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणं भाग आहे.

मूळ पोस्टमध्ये मी एक गाळलं. त्या रात्री एकटा बघत नव्हतो. पोरगा अकरावीला आहे, त्याला म्हटलं बस, बघण्यासारखा आहे (हिंसा आहे, शिव्या आहेत, जेलमधला तो सीन आहे, लहान पोरांना दाखवू नका, आधीच सांगतो). तो सीन आला, बाप मार्कांचं बोलला, आणि पोरगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बाबा, हे तुम्ही दादाच्या ॲडमिशनच्या वेळी बोलला होतात ना सेम."

दादा म्हणजे माझा पुतण्या. दोन वर्षांपूर्वी त्याचं इंजिनिअरिंगचं हवं ते कॉलेज थोडक्यात गेलं तेव्हा मी जेवताना बोललो होतो. काय बोललो ते आठवायला मला पिक्चर रिवाइंड करावा लागला नाही. आगीत माझ्या पाठीमागे कोण असणार, तसं मी म्हटलं होतं उद्या ह्यांनी बांधलेल्या पुलावरून कोण जाणार. आणि 'ह्यांनी' म्हणताना टेबलावरच्या सगळ्यांना कळलं होतं कोण ते. पोरगा तेव्हा नववीत होता, भात कालवत होता, मला वाटलं ह्याचं लक्ष नाही.

आणि हे माझं नवीन नाही. मंडलच्या वेळी, १९९० मध्ये, मी तिसरी-चौथीत असेन, आमचे वडील पेपर वाचता वाचता असंच बोलायचे. अत्यंत सज्जन माणूस. गल्लीतल्या कुठल्याही पोराला फुकट गणित शिकवायचे, जात न विचारता, खरंच न विचारता. मला त्यांनी कधी काही शिकवलं नाही, समोर बसवून सांगितलं पण नाही, नुसतं पेपरच्या आडून यायचं. त्यामुळेच असेल, ते मला कधी 'मत' वाटलंच नाही, हवामानासारखं वाटायचं.

निळीपहाट, लामाँटच्या स्टुलाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. मी पोस्टमध्ये बापाच्या सीनचं कौतुक असं लिहिलंय जसं काही मी समीक्षक आहे.

भातुकली
पोराला काय सांगितलंत मग?

उंबरठा
काही नाही. म्हटलं हो, बोललो होतो. मग तो म्हणाला "ओके" आणि पुढचा सीन सुरू झाला. डॅनी मरतो तेव्हा मी पॉज करायला गेलो तर म्हणाला राहू दे, बघतोय.

निळीपहाट
ठीक आहे. लिहिलंत ते बरं केलंत. एवढ्यावर मी काही टाळ्या वाजवणार नाही, रागावू नका, पण धागा वाचतेय.

ता.क. डॅनीच्या निबंधाचा शेवट लिंकनच्या १८६१ च्या पहिल्या अध्यक्षीय भाषणातल्या ओळींवर होतो, आपण शत्रू नाही मित्र आहोत ते. त्या भाषणानंतर सव्वा महिन्यात तिथे यादवी सुरू झाली. लेखकाला माहीत असणारच.

खडूस_आजोबा
मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही. धोरणाबद्दल माझं मत आहे ते आहे.

पण एक गोष्ट. माझा मुलगा सिएटलला असतो. नातीची शाळेतली एक मैत्रीण काळी आहे, दोघी कायम एकत्र असतात. व्हिडिओ कॉलवर ती मागे दिसली तेव्हा मी मराठीतून काहीतरी बोललो, म्हटलं त्या मुलीला कुठे कळतंय. नातीला कळलं. तिला मराठी यावं म्हणून मीच तिला रोज गोष्टी सांगायचो. पुढे दोन महिने कॉल आला नाही.

हा पिक्चर कुठे बघायला मिळेल? मराठी नाहीतर हिंदी सबटायटल असतील तर सांगा.

फोडणीचाभात
आजोबा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.